घट

अमळनेरच्या सराफ गल्लीत धूळसुद्धा बोलीवर जाते.
जैतूनबी झारेकरीण ती वर्षाच्या कराराने घेते,
पहाटे झाडते, गटारातला गाळ उपसते,
आणि उरलेल्या वेळात बोरीच्या काठी
थंड झालेल्या राखा धुते.

परवा तिनं पदराची गाठ सोडली,
माझ्या ट्रेमध्ये, आरसा आणि चिमट्याच्या मधे, ठेवली
काजळलेली एक टोपी. दाढेची.
‘डाक्टर, हाई तुमनं काम शे का?’

माझंच.
हिरडीकडच्या कडेला कानशीचा ओरखडा आहे,
त्या दिवशी वीज गेली होती
आणि मी हात थांबवला नव्हता.

सुपडू हिलाल महाजन. जिनिंगमधला काटेवाला.
वरची तीन भावंडं गेल्यावर हा तरी जगावा म्हणून
आईनं सुपात घालून उकिरड्यावरून ओढलेला.
जन्मभर कापसाचे क्विंटल तोलले
आणि माझ्याकडे आला
वहीच्या कागदात दोन पुतळ्या घेऊन,
बायकोच्या माळेतल्या.

कौतिकबाईला मी कधी पाहिलं नाही.
तो सांगायचा तेवढंच:
सांधे धरले होते, स्वतःची वेणी घालता येईना;
दर मंगळवारी धुळ्याला, एसटीनं, सोन्याच्या सुईला.
कुपी काळ्या कागदात, उजेड लागला की औषध नासतं.
नर्स आधी लघवी तपासायची, मग टोचायची.
‘सोनं म्हने,’ तो हसायचा, ‘नि दिसाले पानी.’
बोटं थोडी सुटली. एक अख्खा हिवाळा
तिनं कळण्याच्या भाकरी थापल्या.
मग मूत्रपिंडानं तक्रार केली, सुया बंद.
शेवटी तुळशीच्या पानावर
गहूभर सोनं ठेवलं तिच्या जिभेवर.
ते मात्र तिनं गिळलं नाही.

मी म्हटलं, पुतळीचं सोनं मऊ असतं,
चोख सोन्याला चावता येत नाही,
थोडं तांबं, थोडी चांदी घालावी लागेल.
‘घाला. आमना संसारबी काय चोख नही व्हता.’
पुढं बसवू का, दिसेल?
‘दिसाले नको. चावाले जोयजे.’

विसपुत्यांच्या भट्टीवर टाकणखाराची चिमूट.
मुशीत सोन्यानं डोळा उघडला,
आणि फिरत्या हातानं एका झटक्यात
ते शिरलं मेण जळून गेलेल्या जागेत.
वजन वहीत आहे: दोन ग्रॅम आठशे चाळीस मिली.
बसवल्यावर त्यानं दातावर दात ठेवले.
बराच वेळ उघडलेच नाहीत.

एकोणीस वर्षं.
माघात तो गेला तेव्हा भटजींनी सोनं मागितलं.
थोरला म्हणाला, आहे की त्यांच्या तोंडात.
राख सावडताना ते कुणाला आठवलं नाही,
किंवा आठवलं आणि लाज वाटली.
सापडली ती जैतूनबीला. सुपातच.

रिठ्याच्या पाण्यानं मी टोपी धुतली,
काट्यावर ठेवली.
दोन सातशे नव्वद.
जुनी वही काढली. आकडे जुळवले.
पन्नास मिली कमी.
जैतूनबी माझ्या बोटाकडं बघत होती,
तिला अक्षरं येत नाहीत, वजनं येतात.
‘घट कोनी खादी?’

आगीनं नाही. आग सोन्यातलं काही नेत नाही,
हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.
मी खांदे उडवले.
बाईला काय सांगू,
बट्टी, भाकरी, शेंगदाण्याचा ठेचा,
दोन्ही वेळा, उजव्या बाजूनं, सावकाश,
सुपडूनंच खाल्ली.

पैसे मी वहीतल्या वजनाचे दिले.
घट माझ्या नावावर लिहिली.
टोपी आता ड्रॉवरमध्ये आहे, कापसात.
थोरल्याला फोन करायचाय.
दोन दिवस झाले, नंबर काढून ठेवलाय.