एक मात्रा

पंपवाल्या कंपनीचे पैसे डोळे तपासण्यासाठी.
चष्म्यासाठी नाहीत.
बँकेचे पैसे चष्म्यासाठी,
पण तपासलेल्या डोळ्यांनाच.
आणि शाळेपासून दवाखान्यापर्यंतचं रिक्षाभाडं
दोघांच्याही कागदात कुठंच नाही,
जणू पोरं डोळे मिटून उडत जाणार
वाडीतून कारेलीबागेत.

मी हे कागद एका टाचणीत धरते.
नेमणूकपत्रात पद मोठं आहे, समन्वयक.
मुलं म्हणतात, फायलीवाली बाई.

फेब्रुवारीत मकरपुऱ्याला चार खेपा झाल्या.
हेमिशभाईंनी चारही वेळा चहा पाजला
आणि म्हणाले, ‘थई जशे, बेन.’
सूरसागराकाठचा सेव-उसळवाला दिघे
आपणहून म्हणाला, तपासणीच्या दिवशी पोरांचं खाणं माझ्याकडे,
पावती नको, भांडी तेवढी घासून पाठवा.
रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले कदमबांडे
शेजाऱ्यांच्या तीन रिक्षा घेऊन
साडेसातलाच फाटकात उभे,
आणि प्रत्येक खेपेला पोरं मोजून घेत होते, मोठ्यानं,
सुटे भाग मोजावेत तशी.
या सगळ्यांसाठी अहवालात एक रकाना आहे, लोकसहभाग.
रक्कम विचारतात.
मी शून्य लिहिलं.

दोनशे बारा मुलं. एक्केचाळीस चष्मे.
बँकेनं चाळीस मंजूर केले.

राहिली चौथीतली हौसा पाडवी.
आईबाप तळोद्याचे, इथं बांधकामावर.
शाळेच्या पटावर हौसा,
आधारवर होसा.
फरक एका मात्रेचा,
आणि बँकेतल्या संगणकापुढं
माझी कुठलीच मात्रा चालली नाही.

शोधत गेले तेव्हा कळलं ते असं:
आधारचं शिबिर शाळेतच भरलं होतं.
गर्दी होती. बाई हिला म्हणाल्या,
फळ्यावर लिहिलंय तुझं नाव, बघून लिही अर्जावर.
तिनं बघून लिहिलं.
तिसऱ्या बाकावरून
जेवढं दिसलं तेवढं.

म्हणजे चष्मा नव्हता म्हणून नाव चुकलं
आणि नाव चुकलं म्हणून चष्मा नाही.
हे वाक्य मी टिपणात लिहिलं, मग खोडलं.
टिपणात अशी वाक्यं चालत नाहीत.
‘दुरुस्ती प्रस्तावित’ चालतं.

दुरुस्तीला नव्वद दिवस.
मार्च संपायला अकरा.

मांडवीच्या आतल्या गल्लीत अब्बासभाईंचं दुकान,
दोन माणसं उभी राहिली की भरतं.
त्यांनी चिठ्ठी उजेडात धरली. उणे साडेतीन.
मी नावाचा घोळ सांगू लागले, पट, आधार, बँक,
तर म्हणाले, ‘नाम गमे ते होय, बेन,
नंबर तो एक ज छे ने?’
आणि पैशाचं विचारलं तेव्हा
पुसून झालेली काच पुन्हा पुसत बसले.

चष्मा घालून हौसानं पहिल्यांदा काय पाहिलं?
दात्यांची नावं रंगवलेली नवी पाटी नाही,
माझा चेहराही नाही.
आढ्याला पाल होती. ती.
‘तिला बोटं आहेत,’ म्हणाली.

अठ्ठावीसला बँकेतून फोन:
आधारवर आहे तशी सही आणा पोचपावतीवर,
एक्केचाळिसावा पण बसवून टाकू.
मी धावत शाळेत. मधली सुट्टी.
कागद तिच्या मांडीवर ठेवला, म्हटलं,
इथं लिही. होसा.
तिनं पेन उचललं,
चष्मा अंगठ्यानं वर ढकलला,
आधी फळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
‘पण बाई, ते चूक आहे.’

आणि काना काढला,
एक मात्रा,
आणि तिच्या शेजारी, कागद फाटेल इतक्या जोरानं,
दुसरी.

पोचपावती मी आहे तशीच फायलीला लावली.
अब्बासभाईंचं बिल अजून बाकी आहे.