सदुसष्ट नंबर

आधी शाई बघू नका. शाई खोटं बोलते.
बेचाळीसच्या सुरुवातीला जांभळी संपत आली
तेव्हा कुणीतरी तिच्यात पाणी घातलं,
आणि तेच शिक्के आता दुर्मिळ निळे म्हणून
दुप्पट भावाने विकतात शहाणे लोक.

कड बघा.
भिंग तिरपं धरा, उजेड डावीकडून येऊ द्या.
लंबगोलाच्या कडेला, घड्याळात पाच वाजतात तिथे,
कणीएवढी खाच दिसली
तर हा सदुसष्ट नंबर. मार्चनंतरचा.
मार्चपूर्वी कड अखंड आहे.
कधीतरी तो हातातून पडला असणार,
फरशीवर, नाहीतर लोखंडी शेगडीच्या कोपऱ्यावर;
कुणी चुकचुकलं असेल, उचलून फुंकर मारली असेल
आणि पुढच्या पत्रावर हाणला असेल.

गुरुवारी दुपारी कुओपियोच्या वाचनालयाच्या माडीवर
मी हेच करतो. एकवीस वर्षं.
लोक बिस्किटांच्या डब्यांतून
आज्यांची, मामांची पत्रं आणतात
आणि आधी किंमत विचारतात.

सदुसष्टला मी ओळखतो, शेजाऱ्याला ओळखावं इतपत.
नाव माहीत नाही. शिक्का डावीकडे कललेला,
सोमवारी ठसठशीत, शनिवारी पुसट.
तेवीस नंबरवाला पांढऱ्यावरच्या काळ्यावर
आणखी काळं फासायचा;
ते मी उजेडाला धरून कधीकधी वाचतो,
मेलेल्यांची माफी मागून.
सदुसष्ट मात्र कात्री वापरायचा.
किंवा वापरायची. नखं कापायची असावी,
काप सरळ जात नाही, टोकाशी वळतो.

परवा हेल्का तिर्कोनेन आल्या.
बर्फाचे बूट दाराशी काढून, लोकरी मोज्यांवर,
ऐंशी कधीच ओलांडलेल्या.
एकच पत्र. वडिलांचं, आघाडीवरचं,
दोन्ही बाजू शिसपेन्सिलीनं गच्च भरलेल्या,
कागद कुठे मिळत होता.
मी भिंग लावलं. पाच वाजता खाच.
'सदुसष्ट,' म्हणालो, जरा खुशीतच,
'मे असेल, किंवा जून.'

त्या म्हणाल्या, भोक बघा.

पहिल्या पानावर:
आम्ही सध्या (भोक) च्या काठाला आहोत,
इथले डास पण भरती झालेत.
गावाचं नाव असणार, नाहीतर नदीचं. नियमच होता.

पान उलटलं.
मुलगी झाली तर तिचं नाव (भोक) ठेव,
आईला काय म्हणायचं ते म्हणू दे.

ध चा मा कुणी केला नव्हता.
ध च्या पाठीला पाठ लावून बसलेलं अक्षर
ध बरोबर गेलं, एवढंच.

'हेल्का' आजीनं ठेवलेलं.
ऑगस्टमध्ये वडील, म्हणाल्या, आणि पुढचं बोलल्या नाहीत.
मग: तुमच्या या नंबरावरून कळतं का हो,
तुकडा कुठे टाकला ते?

नाही. नंबरावरून हात कळतो.
हाताखालची टोपली नाही.
मी जागा मोजून दिली: हेल्काहून लांब नाव असावं.
कापाच्या खालच्या कडेला
एका अक्षराची शेपटी उरलीय,
ती कुठल्याही चार अक्षरांची असू शकते.
त्यांनी तोंडातल्या तोंडात
तीन-चार नावं म्हणून पाहिली.
एकालाही ओ दिली नाही.

किंमत त्यांनी विचारलीच नाही.
मी नोंदीचं कार्ड भरलं:
सदुसष्ट. खाच पाचला. शाई पाणी घातलेली.
कापलेल्या ओळी: एक.

त्या वाकून बूट घालत होत्या,
एका हाताने दाराची चौकट धरून.
मी 'एक' वर रेघ मारली, शेजारी 'दोन' लिहिलं.
रेघ हलकीच मारली,
खालचं वाचता येईल इतपत.