पंचवीस ग्रॅम मैदा

बेलापूरच्या काचेच्या ऑफिसातून तो मुलगा फोन करतो,
मॅडम, कंपनीला साठ वर्षं झाली, स्मरणिका काढतोय,
तुम्ही तुर्भ्याच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं होता,
इतिहास एक पान द्या, आणि मूल्यं पाच.
प्रत्येकी एकच शब्द. जागा कमी आहे.

मी म्हटलं, बघते.

मला तपासायची एकच रीत ठाऊक आहे:
पंचवीस ग्रॅम मैदा घ्यायचा,
पंधरा मिली पाणी, घट्ट गोळा मळायचा,
अर्धा तास बुडवून ठेवायचा,
मग नळाची बारीक धार सोडून
तळहातावर धूत राहायचं.

पहिलं पाणी दुधासारखं जातं.
त्यात गेले उद्घाटनाचे हार,
कोलशेतला खाडीकाठी उभी केलेली पहिली गिरणी,
नानजीशेठनी फोडलेला नारळ
(कुजका निघाला, दुसरा आणायला माणूस जांभळी नाक्याला पळाला,
हे फोटोत नाही),
बोटीने आलेला रेशनचा लाल गहू,
त्यातले परदेशी खडे, आणि एकदा
कुणाच्या तरी कोटाचं बटण.

दुसऱ्या पाण्यात अकरा राज्यं, एकोणीस गिरण्या,
नकाशावर टाचलेल्या टाचण्या.

तिसरं पाणी मात्र गढूळच राहतं.

सत्याऐंशीचा ऑगस्ट.
पाणी हा आमच्या धंद्यातला सगळ्यात स्वस्त गहू.
दळण्याआधी गव्हाला पाणी पाजावं लागतं,
कोंडा चिवट व्हावा, आतलं मऊ पडावं म्हणून.
हात जरा सैल सोडला
की शंभर पोत्यांमागे एक पोतं नळातून येतं.
त्या रात्री ओलावा निघाला चौदा पूर्णांक आठ.
सामंतसाहेब टेबलाशी येऊन उभे राहिले. रागावले नाहीत.
माझ्यासाठी चहा मागवला.
म्हणाले, तो चार नसेल हो, तीन असेल,
नीट बघा.
मी नीट बघितलं.
तेरा पूर्णांक आठ. निळ्या शाईत, सुवाच्य.

खाली धक्क्यावर जोमा मढवी ट्रक भरत होता.
तुर्भे गावचा. त्याच्या बापाचं खाचर
आमच्या चाळणीच्या मजल्याखाली गेलेलं.
त्याने एका पोत्याची शिवण उसवली,
मूठभर पीठ दाबलं, मूठ उघडली.
पीठ सुटलंच नाही.
बोटांचे ठसे घेऊन बसून राहिलं.

"यो पीठ नाय, गोला हाय. सोलापूरला पोचंपरत आंबल."

मी कागद पुढे केला.
त्याला वाचता येत नाही असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.
त्याने तेरावरून अंगठा ओढला, पिठाची पांढरी रेघ,
आणि ट्रकची फळी लावलीच नाही.

तीनशे पोती परत वर चढली.
जोमाचे चार दिवसांचे पैसे कापले, शिस्त म्हणून.
सामंतसाहेब पुढे संचालक झाले.
मला त्या वर्षी बढती मिळाली, अचूकतेबद्दल.

पाणी नितळ होईपर्यंत धूत राहायचं.
हातात उरतो तो पिवळसर, ओला, चिवट तुकडा.
ओढला तर लांबतो, सोडला की मागे येतो.
पाव फुगतो तो याच्या जिवावर.
वाळवायचा, वजन करायचं, नोंद करायची.

मी पान पाठवलं.
पाच शब्दांच्या जागी एक नाव, आडनावासकट.
मुलाचा निरोप आला: छान आहे मॅडम,
पण थोडं वैयक्तिक होतंय.

स्मरणिका काल पोचली. गुळगुळीत कागद.
विश्वास, गुणवत्ता, नावीन्य, राष्ट्र,
पाचवं मी आत्ताच विसरले.
मुखपृष्ठावर एक सोनेरी ओंबी, पानभर.
सवयीने भिंग लावून पाहिली.

सातूची आहे.