एक जून

सकाळी सहालाच फक्की मारली.
पूर्णेच्या रेल्वे मैदानावर रेष सरळ येत नाही.
श्रावण कोरडा गेलेला, काळी माती उललेली,
भेग आली की पांढरं आत उतरतं
आणि रेष तेवढी तुटते.
तुटू द्या म्हटलं. पोरांना कळतं कुठं संपतंय ते.

बासष्ट पोरं. जागा अठरा.
परभणीहून आलेले दोघं निवडसमितीवाले
लिंबाखाली खुर्च्यांवर, चहा, बिस्किटं,
आणि मी यादी घेऊन बाजूला उभा,
घरचा माणूस, मदतीला.

ते उंची बघतात. मी मान बघतो.
चेंडू पायात यायच्या आधी
जो एकदा मागं वळून बघतो,
कोण कुठं उभाय ते डोक्यात ठेवतो,
तो माझा.
पायाचं काय, पाय शिकवता येतात.

मुदस्सिरचा डावा पाय भारी, पण चेंडू सुटत नाही त्याच्याकडून,
उसाचं कांडं मिळाल्यासारखा एकटाच चोखत बसतो.
कानडखेडचे जुळे वेगवेगळे घेता येत नाहीत,
एक पडला की दुसरा लंगडतो.
गोलकीपर म्हणून आलेला गजभारेंचा तुषार
चेंडू आला की डोळे मिटतो, तरी अडवतो.
कसं, ते मला अजून कळलेलं नाही.
लिहून घेतला.

मग तो, ज्याला सगळे भिंगरी म्हणतात.
एवढासा. चड्डीला नाडीच्या जागी सुतळी.
मोजून अकरा मिनिटं दिली त्याला.
तीनदा पडला.
एकदा रडला, पण तोंड पुसायच्या निमित्तानं.
आणि एकदा, चौघांच्या पायांतून
असा काही पास काढला
की लिंबाखालच्या साहेबांचं बिस्कीट चहातच राहिलं.
"हा कोण हो?"

बोनाफाईड काढलं.
यशोधन दादाराव खिल्लारे.
जन्मतारीख: एक जून.
सात महिन्यांनी जास्त.
चौदा वर्षांखाली बसत नाही.

साहेब हसले. "तुमच्या तालुक्यात
एक जूनला दवाखान्यात जागा मिळत नसेल."
मीही हसलो. हसावंच लागतं,
माझी स्वतःची तारीख तीच आहे.

त्याची आई कुंपणाच्या तारेला धरून उभी.
"हुरड्यात झाला की हो सर,
आगटीचा धूर घरात येऊलाला होता,
सुईण खोकून खोकून बेजार.
जूनमधी कुठला हुरडा?"

शाळेत जाऊन दाखल-खारीज काढलं.
वाळवीनं कोपरा खाल्लेला, पण तारीख शाबूत.
शाई निळी.
एकला वरून शेंडी, जूनमधला ज जरा आडवा.
अक्षर माझं.

त्या वर्षी पट कमी पडला होता.
दोन पोरं कमी म्हणजे एक मास्तर कमी,
आणि सगळ्यात नवा मास्तर मीच.
दारोदार हिंडलो.
एका अंगणात हा चिंध्यांचा गोळा लाथाडत होता.
बोट धरून आणला.
सहा पूर्ण नव्हते.
मी पूर्ण केले.

"तुमचंच अक्षर हाय, तुम्हीच बदला," शिपाई म्हणाला.
पांढऱ्या शाईची बाटली टेबलावरच होती.
खूप वेळ होती.

अठराव्या ओळीवर मुदस्सिर लिहिला.
तोही एक जूनचा, फक्त एका सालानं धाकटा.

दुपारी मैदान रिकामं.
भिंगरी न सांगता कोपऱ्यातले झेंडे उपटून आणत होता,
चार झेंडे, चार फेऱ्या.
शेवटचा हातात देताना म्हणाला,
"सर, मग मी खरा कवाचा?"

हुरड्यातला, म्हणालो.
आणि पुढचं, म्हणजे ते अक्षर कुणाचं,
ते सांगायला तोंड उघडलं, तर
त्यानं मान वळवून मागं बघितलं.
मागं कुणीच नव्हतं. चेंडूही नव्हता.