सलाईन संपल्याची वेळ

क्लेम परत आलाय.
कारण एका ओळीत : सलाईन सुरू ११.२०, बंद कोरं.

औषधाच्या सलाईनचा कोड वेगळा,
नुसत्या पाण्याच्या सलाईनचा वेगळा,
आणि औषधासोबत चाललेलं पाणी
पाणी म्हणून धरायचंच नाही,
हे डोंगरे सरांनी पहिल्याच महिन्यात शिकवलं
वणीच्या या चार खाटांच्या डे-केअरमध्ये,
जिथे काउंटरच्या काचेवर बसलेली कोळशाची साय
मी रोज ओल्या फडक्याने पुसते.

रुग्ण : जैतुबाई कुळसंगे. वय बावन्न, अंदाजे.
आठवते मला. सिस्टर हात थोपटून थोपटून
शीर शोधत होती, घामाघूम,
आणि हीच तिला म्हणाली,
"विहिरीले पानी लागाले येळ लागते,
तू काहून घाबरतं पोरी?"

बाटलीवरच्या चिकटपट्टीवर ११.२०.
त्याखाली काही नाही.
शेजारच्या खाटेवर तेव्हा कुणी ओकत होतं.

फोन लावला. आधी बकऱ्या, मग नवरा, मग ती.
"मुकुटबनची यष्टी गेली ना,
तवा दोन बोटं रायलं होतं बाटलीत.
मंग चायवालं पोरगं आलं. तवा खतम."

डेपोत विचारलं. मुकुटबन, दोन चाळीस.
"त्या दिवशी लेट होती, मॅडम. टायर."
किती लेट?
"माह्या दोन चाय झाल्या."

वीस थेंबांचा एक मिलिलिटर.
दोन बोटांचे किती?
मी ड्रॉवरमधली रिकामी बाटली काढली,
तिच्यावर आपलीच बोटं आडवी ठेवून पाहिली.
तिची बोटं जाड असतील.

"कायले पायजे व येवढं?"
पैशासाठी, बाई. तुमच्याकडून नाही, योजनेकडून.
"पान्याचेई पैसे लागते?"
नुसत्या पाण्याचे लागतात.
ती थांबली. एक बकरी अगदी फोनजवळ ओरडली.
"मले तं ते पानीच बरं वाटलं व.
थंडं थंडं जाये, खांद्यालोक."

मी ३.०५ टाकलं. सिस्टरची सही घेतली.
क्लेम पुन्हा गेला.

फोन ठेवता ठेवता ती म्हणाली,
"पुढच्या बारीले मले तेच खाट देजो,
खिडकीपासची. यष्ट्या दिसते."
तारखेच्या चिठ्ठीवर लिहून ठेवलंय : खिडकीची खाट.
मलाही बरंच पडेल ते,
बंद झाल्याची वेळ विचारायला.