निळं पाणी

बेलेमच्या बंदरावर माझा गाडा आहे.
तळलेला मासा आणि वाडगाभर आसाई,
जांभळी, घट्ट, वर कसाव्याचे भाजके दाणे.
पोटापाण्याचा धंदा.
तीस वर्षं हमालांची पोटं भरली
आणि पोटच्या पोरीला कधी ‘पुरे’ म्हटलं नाही.

तालिता. सतरा वर्षांची. एकशे अठरा किलो.
आकडा तिने मला सांगितला नव्हता.
बाजार उघडायच्या आधी, अंधारात,
माशांच्या काट्यावर उभी राहिलेली दिसली.
मी टोपल्यांमागे थांबले, ती उतरेपर्यंत.
पोटात ठेवलं.

इथल्या बसमध्ये कंडक्टरपाशी लोखंडी फिरकी असते,
ढकलायची आणि पलीकडे जायचं.
मार्चमध्ये तालिता तिच्यात अडकली.
मागे रांग. कुणीतरी मोबाइल वर धरला.
तेव्हापासून ती शाळेत चालत जाते,
म्हणते, व्यायाम होतो, आई.
ओठात एक, आणि पोटात
काय होतं ते मी विचारलंच नाही.
वाढत राहिले.

डॉक्टर नाकागावा, हळू आवाजाच्या बाई.
म्हणाल्या, “कापाकापी नाही, टाका नाही.
घशातून दुर्बीण जाईल, सोबत रिकामा फुगा.
आत गेला की भरायचा. सहा महिने ठेवायचा.”
“हवेनं?”
“पाण्यानं. मिठाच्या पाण्यात थोडा निळा रंग.
फुटलाच, तर लघवी निळी-हिरवी होते.
तसं दिसलं तर धावत या.”
मी विचारलं, मग भूक कुठे जाईल?
त्यांनी उत्तर तालिताला दिलं:
“कुठेच नाही. तिच्याशी तुलाच बोलावं लागेल.
फुगा फक्त वेळ मिळवून देतो.”

माझ्या पोटात गोळा आला.
मग तिच्या पोटात आला.

तीन दिवस ओकाऱ्या. बादली, ओला टॉवेल, बादली.
“काढायला सांग,” म्हणाली दोनदा.
चौथ्या दिवशी नारळाचं पाणी, आठ चमचे.
मी मोजले.
मोजून वाढायची सवय मला नव्हती.

जूनमध्ये एका सकाळी
संडासात निळं पाणी.
मी किंचाळले. वांदर्लेईला मोटारसायकल काढायला लावली,
तालिता मधे, मी मागे, चप्पल एकाच पायात,
तिघांच्या भाराने मागचं चाक रस्त्याला चिकटलेलं.
इस्पितळात दोन तास.
सगळं जागच्या जागी.
घरी आलो तर शेजारची जुसारा दारात उभी:
“वास येत होता ना,
म्हणून टाकीत निळी वडी सोडली मी.”
तालिता हसली.
भिंतीला टेकून, पोट धरून,
“आई गं, फुगा हलतोय” म्हणत हसली.
मार्चपासून पहिल्यांदा.

काढला त्या दिवशी मी म्हटलं, दाखवा.
ट्रेमध्ये पडला होता, चिंबलेला, पिवळट, बुळबुळीत.
मी ओळखला.
गुरिजुबा मासा चिरला की असाच फुगा निघतो.
आम्ही तो वाळवतो. माशापेक्षा महाग विकला जातो.
पाण्यात किती खोल राहायचं,
ते मासा त्याच्यावर ठरवतो.
हे मी डॉक्टरांना सांगितलं.
त्यांनी हातमोजे काढता काढता ऐकलं.

एकोणीस किलो गेले.
नाताळापर्यंत पाच परत आले.
डॉक्टर रागावल्या नाहीत. तालिताही
स्वतःवर रागावली नाही, हे मला नवीन होतं.
बसने अजून जात नाही.

शाळा सुटली की गाड्यावर येते.
“अर्धा,” म्हणते.
माझी पळी अजून काठापर्यंत जाते
आणि थांबते तिथे, थेंब गाळत.
ती माझ्या हाताकडे बघत राहते. घाई करत नाही.
“पोटात घाल, पोरी,” मी म्हणते.
आसाई की आणखी काही, ते ती विचारत नाही.
वाडगा स्वतःकडे ओढून घेते.