कानामागे

किंग्ज लिनचं पाणी जड.
खडूच्या टेकड्यांखालून येतं
आणि येताना थोडी टेकडी घेऊन येतं.
चाळीस वर्षं ते घरोघरच्या बॉयलरला चुना लावतंय
आणि त्यावर माझं पोट चाललंय.

मिसेस लारवुड फोनवर म्हणाल्या,
भिंतीत कुणीतरी आधण ठेवतं,
पहाटे साडेपाचला.
मांजर त्या खोलीत झोपेनासं झालंय.

मी लांब स्क्रूड्रायव्हर काढला.
टोक तांब्याच्या नळीवर,
मूठ कानामागच्या हाडावर,
डोळे मिटून.
आधी नुसतं शूं.
मग टिनाच्या डब्यात कुणी वाटाणे हलवावेत तसं.
मग खोल गुरगुर: थराखाली कोंडलेलं पाणी,
वाफ होऊन सुटायला बघणारं.
"चुना," मी म्हणालो, आणि बॅग उघडली.

टॅम्सिन एकोणीस वर्षांची, मार्चपासून माझ्या हाताखाली.
ती बॉयलरच्या पोटाला फोन टेकवून उभी होती.
पडद्यावर खाली जांभळा गाळ. तो माझा चुना.
वर, पार वर, एक सरळ पिवळी रेघ.
"आणि ही शिट्टी?"
कसली शिट्टी?
ती माझ्याकडे बघत राहिली.
दारातून मांजरही,
आत न येता.

पंपाचं बेअरिंग.
नाताळच्या आतच गेलं असतं.

दुपारभर आम्ही आम्ल फिरवलं.
बादलीत फेस, करडा, दुधासारखा जाड,
तळाशी अंड्याच्या टरफलाएवढे कपचे.
नवा पंप बसवला, बटण दाबलं.
मिसेस लारवुड भिंतीला कान लावून.
"चालू आहे ना?"
मी त्यांचा हात धरून रेडिएटरवर ठेवला.
त्यांनी तो बराच वेळ काढला नाही.

व्हॅनमध्ये मी म्हणालो,
त्या फोनमधून माझाही कान तपास एकदा.
तिने सूर लावला. जाडा, मग मधला,
मग बारीक, सुईसारखा,
मग त्याहून बारीक.
माझं बोट दर वेळी वर.
काचेवर वाफ धरत होती. रस्त्यावर कुणी नव्हतं.
"पुढचा वाजव की," मी म्हणालो.
"वाजतोय, मिस्टर अ‍ॅब्लेट."

मी मान हलवली,
ओळखीचं काही ऐकल्यासारखी,
आणि किल्ली फिरवली.